कस्तुरीचें कडें

कस्तुरीचा सुगंध आमच्या वाचकांस, निदान ऐकून तरी, परिचित असेलच. परंतु रसायनशास्त्रांतील एका मोठ्या प्रश्नाचें उत्तर या सुगंधांत दडलें होतें, हें थोड्यांस ठाऊक असतें. तें शोधणारे लाव्होस्लाव रुझिच्का हे क्रोएशियांतील व्हुकोव्हार या गांवीं १८८७ सालीं जन्मले. वडील लांकडी पिंपें करणारे कारागीर. मुलगा चार वर्षांचा असतांनाच ते वारले. धर्मोपदेशक व्हावें असें मुलाच्या मनांत होतें. पण पुढें रसायनशास्त्राची गोडी लागली. जर्मनींत शिक्षण घेऊन १९१२ सालीं ते स्वित्झर्लंडांत झूरिक येथें आले.

कार्बनचे अणु एकमेकांस जोडले जाऊन कडें तयार होतें. पांच-सहा अणूंहून मोठ्या कड्यांत ताण वाढत जातो, असें जर्मन आचार्य बायर यांनीं १८८५ सालीं प्रतिपादिलें. त्यावरून आठांहून फार मोठें कडें टिकणारच नाहीं, असा समज रूढ झाला. एवढ्या थोर गुरूचें वचन! तें कोण मोडणार?

रुझिच्कांनीं १९२६ सालीं दाखविलें कीं, जवादी मांजराच्या सुगंधी द्रव्यांत सतरा अणूंचें, तर कस्तुरींत पंधरा अणूंचें कडें असतें, व तें खुशाल टिकतें. बायर यांनीं सर्व कडीं थाळीसारखीं सपाट मानलीं होतीं. मोठें कडें साखळीप्रमाणें वांकतें, म्हणून त्यास तसा ताण पडत नाहीं. विद्वानांनीं जें अशक्य ठरविलें, तें कस्तुरीमृगाच्या नाभीजवळ निसर्ग युगानुयुगें घडवीत आला होता! पुढें हीं द्रव्यें प्रयोगशाळेंत होऊं लागलीं व मृगास न मारतां तो सुगंध मिळण्याची वाट उघडली. १९३९ सालीं रुझिच्कांस नोबेल पारितोषिक मिळालें.

झाग्रेब येथें अध्यापन करणारे व्लादिमीर प्रेलॉग यांस १९४१ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, रुझिच्कांनींच झूरिकला येण्यास साहाय्य केलें. १९५७ सालीं प्रेलॉग त्यांच्या जागीं प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. डाव्या-उजव्या हातांप्रमाणें एकमेकांचीं प्रतिबिंबें असणाऱ्या रेणूंस नांवें देण्याची, आज जगभर चालणारी पद्धति त्यांनीं काहन व इंगोल्ड यांच्यासह बसविली. रेणूंच्या रचनेवरील कार्याबद्दल १९७५ सालीं त्यांसही नोबेल पारितोषिक लाभलें.

बायर यांची थोरवी यामुळें उणी होत नाहीं. वचनाचा आदर राखूनही तें पडताळतां येतें. घरांतील एखाद्या मुलानें वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावर नम्रपणें ‘हें पाहिलें आहे काय?’ असें विचारलें, तर त्यास उद्धट म्हणण्यापूर्वीं कस्तुरीच्या या कड्याचें स्मरण व्हावें.