कन्वेन्शनला गाड्या भरून, घरातलं पवित्र शास्त्र मात्र बंद

काहींना राग येईल, पण आज लिहितोच.

आपल्या डोणगाव-मेहकर भागात कुठं कन्वेन्शन लागलं की गाड्या भरून जातात. मांडव, स्पीकर, बाहेरगावचे वक्ते, तीन दिवसांचं जेवण. चौथ्या दिवशी त्याच घरात पवित्र शास्त्र कपाटावर पडलेलं, वरून लाइट बिल आणि सोयाबीनच्या पावत्या. दुसऱ्याचं सांगत नाही, माझ्याच घरातलं सांगतो. मागच्या पावसाळ्यात पोरानं विचारलं, "बाबा, हे पुस्तक कोणाचं?" कान तापले माझे.

ग्रुपवर रोज सकाळी वचन येतं. ते पुढं पाठवलं जातं, वाचलं जात नाही. हात जोडलेलं चित्र टाकलं की झाली भक्ती!

विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं: "वेळ कुठी भेटते भाऊ?" अरे, शेजारचा माळकरी आपल्याच बांधाला कापूस वेचतो, त्याचा हरिपाठ चुकत नाही. मुस्लीम भाऊ गिऱ्हाईक थांबवून नमाजाला जातो. वेळ फक्त आपल्यालाच भेटत नाही. मालिकेला मात्र भेटते.

दुसरं उत्तर जास्त हुशारीचं. "आपण कृपेनं तारलेले, नेमधर्म म्हणजे कर्मकांड." हे व्यासपीठावरूनही ऐकलंय आणि मला ते साफ अमान्य आहे. पाऊस फुकटच पडतो, पण वखर न घातलेल्या रानात पेरून काय उगवतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. नेमानं तारण विकत घेता येत नाही, हे कबूल. पण दानीएल बाबेलात, जिवावर बेतलं तरी, दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. त्याला कर्मकांडी म्हणणार का?

कन्वेन्शनवाले पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या संजीवनाची गोष्ट फार रंगवून सांगतात. 1905 सालचा जून, मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, पापं कबूल करत प्रार्थनेला बसल्या, वगैरे. त्याआधीचे सहा महिने कोणी सांगत नाही. जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा सत्तरेक जणी पुढं आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या 550 च्या घरात गेली. आपल्याला जून पाहिजे, जानेवारी ते मे नको! आणि संजीवन ओसरल्यावर बाई काय करत बसल्या? हिब्रू-ग्रीकचे कोश समोर घेऊन अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर. वर्षानुवर्षं, तब्येत खालावलेली असताना, 1922 मध्ये जाईपर्यंत. ते छापलंही मुक्तीच्याच छापखान्यात.

टिळकांचंही तसंच. नागपूरला बुटींकडे काम केलेला हा पंडित. आगगाडीत एका सहप्रवाशानं नवा करार हातात दिला, तो वाचत गेला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकला. 1895 ला बाप्तिस्मा. ना मांडव, ना स्पीकर, हातात एक पुस्तक होतं आणि ते उघडलं होतं.

कन्वेन्शन बंद करा असं मी म्हणत नाही. माझ्या आईला तिथंच धीर मिळाला होता. पण रोजच्या भाकरीऐवजी वर्षातून एकदा पंगत जेवून कोण जगलंय?

पाळकांनाही विचारतो, रागावू नका. वर्गणी कोणी दिली नाही हे तुम्हाला तोंडपाठ असतं. कोणत्या घरात संध्याकाळची कुटुंबप्रार्थना बंद पडली, हे माहीत आहे का? घरभेटीला येता तेव्हा चहा होतो, कमिटीचं राजकारण होतं, जाताना दोन मिनिटांची प्रार्थना. पोरांना एक अध्याय वाचायला लावलाय कधी?

माझं म्हणणं एवढंच. संध्याकाळी वीस मिनिटं टीव्ही बंद, एक अध्याय, एक गीत, घरातल्या प्रत्येकानं आपल्या शब्दांत प्रार्थना. आणि यंदाच्या मांडवाच्या खर्चातून काही रक्कम काढून म्हाताऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांची पवित्र शास्त्रं घ्यायची. बारीक टाइप दिसत नाही म्हणून कित्येकांचं वाचन सुटलंय.

पुढच्या कमिटी बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. विरोध करायचा त्यांनी तिथं उभं राहून करा, इनबॉक्समध्ये नको.