हसवणाऱ्याला रडवून काय मिळतं?

गेल्या रविवारी पुण्यात एक प्रयोग पाहिला. एका जुन्या विनोदी नटाच्या आयुष्यावर बेतलेला. नाटकाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तक्रार त्या एका प्रयोगाची नाही, या सगळ्या प्रकाराचीच आहे.

दोन तासांत आम्हाला काय काय दिसलं? लहानपणची गरिबी, मग यश, मग दारू, मग पाठ फिरवणारे दोस्त, आणि शेवटी दवाखान्यातली खाट. मागे व्हायोलिन. कामं चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू. माझेही डोळे भरून आले. पण मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतल्या कॉलेजातल्या मुलीनं वडिलांना विचारलं, "बाबा, पण हे नेमकं काय करायचे, की लोक इतके हसायचे?" वडिलांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "अगं ते... ते बघायलाच पाहिजे होतं तू."

झालं! अहो, तेच बघायला तर ती पोरगी तिकीट काढून आली होती ना?

आमच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम कोसळला की मागे नोंदींची एक फाइल उरते, लॉग म्हणतात तिला. रात्री दोनला उठून मी अशा शेकडो फाइली वाचल्यात. तो का पडला ते त्यातून कळतं. पण धड चालत होता तेव्हा लोकांच्या काय कामाचा होता, ते काही त्यात सापडत नाही. आपली ही चरित्रनाटकं मला त्या लॉगसारखी वाटायला लागली आहेत.

भगवानदादांचंच घ्या. त्यांचं नाव काढलं की कुणीही सांगतं: 'अलबेला' १९५१ साली तुफान चालला, पुढे पैसा गेला, बंगला गेला, गाड्या गेल्या, शेवट दादरच्या चाळीत झाला. २००२ साली ते गेले, २०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' हा सिनेमाही आला. पण ते नाचायचे कसे, ते सांगा की! जवळजवळ जागच्या जागी, खांदे आणि हात हलवत, चेहऱ्यावर अगदी निवांत भाव. म्हणूनच ते वरातीत कुणालाही जमल्यासारखं वाटतं. इतकं सोपं दिसणारं काहीतरी शोधून काढायला काय लागत असेल, यावर मी तर एक अख्खा अंक बघायला तयार आहे. चाळीवर नको.

पुलंचंही तसंच. २०१९ मध्ये 'भाई' चित्रपटाचे दोन भाग आले, आणि नंतरची बरीचशी चर्चा त्यातल्या सिगारेटी आणि दारूच्या प्रसंगांवरच झाली. त्याउलट 'व्यक्ती आणि वल्ली' हे नाटक आठवा. पुलं हयात असताना अतुल परचुरे त्यात पुलं झाले होते, म्हणजे परीक्षक साक्षात समोर! पण तिथे पुलंच्या अवतीभवती नारायण होता, हरितात्या होते, अंतू बर्वा होता. माणूस त्याच्या कामातून दिसत होता. परचुरेही २०२४ मध्ये गेले. असो.

आता आमच्या मराठवाड्याकडे येतो. (पाथरीकर असल्यामुळे यायलाच पाहिजे. बाहेरच्यांना आमचं गाव साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे तेवढं माहीत असतं.) लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस, पण जगभर ऐकवली आमची बोली. २००९ मध्ये ते गेले. नंतर तेच 'वऱ्हाड' संदीप पाठक करायला लागले. ते माजलगावचे, म्हणजे पाथरीहून ढालेगावचा पूल ओलांडला की गोदावरीपलीकडचे आमचे शेजारीच. आता मला सांगा, देशपांड्यांचं खरं चरित्र कुठलं? त्यांच्या आजारपणावर कुणी नाटक लिहिलं तर ते, की एक दुसरा नट घाम गाळत तीच बावन्न माणसं पुन्हा उभी करतो ते? माझं मत सांगायची गरज नाही.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. "म्हणजे हाल दाखवायचेच नाहीत का? तमाशातल्या सोंगाड्याची गरिबी, जात, फडाचं कर्ज, हे झाकून ठेवायचं?" नाही हो. दाखवलंच पाहिजे. पण कवलापूरच्या काळू-बाळूंवर, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांवर उद्या कुणी नाटक केलं, तर त्यात नुसते तंबू, पाऊस आणि उधारी दाखवून भागणार नाही. 'जहरी प्याला' या वगानं त्यांना नाव दिलं. दोन सारखे चेहरे समोर ठेवून प्रेक्षकाला चकवायचं, तेही घड्याळाच्या काट्यावर, ही काय चीज होती ते आधी दिसू द्या. म्हणजे मग ज्या समाजानं त्यांना हसून दाद दिली आणि नंतर वाऱ्यावर सोडलं, त्याची लाज वाटेल. माणसाकडे काय होतं हेच ठाऊक नसेल, तर काय गेलं ते कसं कळणार?

हे सगळं एवढं तावातावानं लिहितोय, त्याचं कारण घरचं आहे.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मानवतला जिनिंगमध्ये मुनीम होते. गणपतीत आमच्या गल्लीत त्यांचा एक आयटम ठरलेला असे, 'एष्टी'. पाथरी-परभणी गाडी, त्यात एक म्हातारी आणि एक कंडक्टर, दोन्ही अण्णाच. कंडक्टर तिकिटाचे पैसे मागतो. म्हातारी कमरेची पिशवी काढते आणि गाठ सोडायला लागते. बास, पुढचं मिनिटभर एक शब्द नाही. हातात काहीच नसताना अण्णा ती गाठ सोडत राहायचे. मध्येच कंडक्टर होऊन घड्याळ बघायचे. गाठ सुटेपर्यंत मानवत मागे पडलेलं असायचं. आणि शेवटी पिशवीतून निघायची तंबाखू! लोक अक्षरशः लोळायचे.

अण्णा गेले तेव्हा तेराव्याला पाथरीला होतो. जेवणं झाल्यावर ओसरीवर एकेक जण बोलायला लागला. जिनिंग बंद पडल्यावर पगार कसा थकला, दोन पोरींची लग्नं कशी निभावली, शेवटची दोन वर्षं अंथरुणावर कसे होते. सगळं खरं. मीही बोललो, तसंच काहीतरी. ऐकताना वाटत होतं की हे कुणा भलत्याच माणसाबद्दल चाललंय. असला माणूस परभणी जिल्ह्यात दर दुसऱ्या घरात सापडेल.

मग त्यांचे एक दोस्त, वय पंचाहत्तरच्या पुढचं, भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, "आरे, रडू कामून लागलाव? त्यानं एष्टी केली नसती का हितं?" आणि बसल्या बसल्या त्यांनी हवेतली गाठ सोडायला सुरुवात केली. हात थरथरत होते, वेळ साफ चुकत होती, कंडक्टर तर जमलाच नाही. तरी सगळी ओसरी हसली. काकू तोंडाला पदर लावून आत उभ्या होत्या, त्याही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आसंच करायचे. पण गाठ डाव्या हातानं सोडायचे."

डाव्या हातानं! अण्णा उजव्या हाताचे. म्हणजे नवख्या हातानं सोडली की गाठ खरोखरच सुटत नाही, हे त्यांनी कधीतरी ताडलं असणार. हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये तेव्हा वाढदिवसाच्या केकचे हजारभर फोटो होते, आणि 'एष्टी'चं एक मिनिटही नव्हतं. आजही नाही. दवाखान्याची फाइल मात्र अजून कपाटात आहे.

म्हणून नाटकवाल्यांना एकच विनंती. हसवणाऱ्या माणसावर प्रयोग करताय ना, मग त्याचा एक तरी आयटम पहिल्यापासून शेवटपर्यंत, न कापता, रंगमंचावर करून दाखवा. ज्याला जमेल तोच नट घ्या. ज्या पोरानं मूळ माणूस कधी पाहिलाच नाही ते एकदा तरी खळखळून हसलं पाहिजे. ते झालं की मग खुशाल व्हायोलिन वाजवा, आम्ही रडू.

जाता जाता एक. आपण ज्यांना जाड्या-रड्या म्हणतो, त्यातला जाड्या, ऑलिव्हर हार्डी, १९५७ मध्ये गेला. रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल, पुढे १९६५ पर्यंत जगला, पण पुन्हा कधी अभिनय केला नाही. घरी बसून तो विनोदी प्रसंग लिहीत राहिला. दोघांसाठी.

या दिवाळीत पाथरीला जाईन तेव्हा काकूंना समोर बसवून विचारणार आहे. गाठ डाव्या हातानं, ते झालं. कंडक्टर घड्याळ किती वेळा बघायचा?