‘ग्लूटेन फ्री’चं कपाट आणि आपला वाणी



‘डॉक्टरांनी गहू बंद केलाय’ हे वाक्य हल्ली ओळखीच्या बऱ्याच घरांतून कानावर येतं. आमच्या सुनेला सीलियाक निघाला, त्यालाही आता चार वर्षं झाली. या आजारात गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद. थोडंसंही चालत नाही. त्यातल्या ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

मग सगळ्या धावतात मॉलमधल्या ‘ग्लूटेन फ्री’ कपाटाकडे. माझं स्पष्ट मत असं, की रोजच्या खाऊसाठी ते कपाट आपलं नाही.

एक तर भाव. पुड्याची किंमत पाहू नका, किलोचा भाव काढा. समजा, 150 ग्रॅमचं बिस्किट 120 रुपयांना आहे, म्हणजे किलोला 800 रुपये झाले. आता पाकिटावर ग्रॅमचा भावही छापलेला असतो, त्याला हजाराने गुणलं की झालं. कॉमर्स शिकलेली असल्यामुळे मला ही खोड आहे, पण ती सगळ्यांनीच लावून घ्यावी.

दुसरं, आपला आचार. गव्हाचा चिकटपणा नसतो म्हणून या ब्रेड-बिस्किटांत बऱ्याचदा बटाट्याचं स्टार्च किंवा टॅपिओका घालतात. टॅपिओका म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंदच. हिरव्या ठिपक्यावरून अंडं नाही एवढं कळतं, कंदमूळ आहे की नाही ते कळत नाही. उलट ‘जैन’ लिहिलेल्या पाकिटात कांदा, लसूण, बटाटा नसतो, पण मैदा खुशाल असतो. तेव्हा घटकांची यादी आपणच वाचायची, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. ‘गहू आहे’ किंवा ‘गव्हाचा अंश असू शकतो’ ही सूचना तिथेच असते.

‘तयार कशाला, ताजं करून घाला’ असं काही जणी म्हणतील. पण नोकरीवरून सहाला घरी येणाऱ्या सुनेला हिवाळ्यात सूर्यास्ताआधी जेवायचं असेल, तर हाताशी काहीतरी तयार हवंच. ते आपल्या नेहमीच्या वाण्याकडे मिळतं. पोहे, चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, तांदळाचे आणि नाचणीचे पापड. सोलापूरकडची ज्वारीची कडक भाकरी तर कित्येक दिवस टिकते. दह्यात कुस्करली की जेवण झालं. कुंथलगिरी-मांगीतुंगीला जातानाही डब्यात हेच बरं. सोबतची शेंगाचटणी मात्र बिनलसणाची मागून घ्यायची.

आपल्या जुन्या पदार्थांतही गहू लपलेला असतो. कुरडया गव्हाच्याच. मेतकुटात गहू भाजून घालतात, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. आणि हिंग! डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो शोधावा. नाहीतर चिमूटभर फोडणीने सगळं वरण बाद.

पैसे खर्च करायचेच तर पिठावर करा. गिरणीत आधी गहू दळला असेल तर मागून आपली ज्वारी टाकून उपयोग नाही. एक तर घरी लहान चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. पिठाची पावसाळ्यातली तीन दिवसांची मर्यादा पाळणाऱ्यांना ती तशीही सोयीची. चक्की जमत नसेल, तर ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलेलं पीठ घ्यावं. ते शब्द छापायचे तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा नियम आहे. तिथे चार पैसे जास्त गेले तरी ते वाया नाहीत.

आता खरं दुखणं सांगते. घरात मुलाला किंवा पुरुषाला हा आजार असला की वेगळा डबा, वेगळं पीठ, सगळं येतं. बाईला असला की ती म्हणते, ‘माझ्या एकटीसाठी कशाला? मी दहीभात खाईन.’ असं महिनोन्‌महिने चालतं आणि ती खंगत जाते. हा त्याग नाही. उपवास आपण समजून-उमजून, पच्चक्खाण घेऊन करतो. घरच्यांना अडचण नको म्हणून अर्धपोटी राहणं हे तप नव्हे.

आणि पंगतीत ‘प्रसादाची एक पुरी खा, एका घासाने काय होतंय’ असा आग्रह कुणी कुणाला करू नये. त्या एका घासाने तिला इजा होते. आपण पाणीसुद्धा गाळून पितो, ते कुणाला इजा होऊ नये म्हणूनच ना? मग पुढच्या वेळी पंगतीचा बेत ठरवताना वाढणाऱ्यांना आधीच सांगा, की एका वेगळ्या पातेल्यात बिनहिंगाचं वरण आणि शेजारी भात, पापड ठेवा. खर्च काहीच नाही, आणि एक जण पोटभर जेवेल.