महालयातील नावे

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला (शेजाऱ्यांच्या पंचांगात तो आश्विन कृष्ण म्हणून छापलेला असतो, तिथी मात्र एकच) म्हणजे मान नदीच्या काठच्या या मनावर गावात मराठी घरांतून उडदाच्या वड्यांचा आणि माळवी-नेमाडी घरांतून गोवरीच्या निखाऱ्यावर सोडलेल्या तुपागुळाचा वास एकाच प्रहरी दरवळू लागतो. निखाऱ्यावर खीर-पुरीचा घास ठेवून भोवती पाणी फिरवण्याच्या या विधीला इकडे 'धूप देणे' म्हणतात, आणि काकबळी ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्या आमच्यापैकी कित्येक घरांनीही ती चाल उचलली आहे. त्याच सोळा दिवसांत भिंतींवर शेणाची संजा मांडून मुली गाणी म्हणत असतात; पितरांच्या पंधरवड्याला केवळ सुतकी ठरवणाऱ्यांनी ती एकवार ऐकावी.

हल्ली तक्रार ऐकू येते ती वेळेची. गुरुजी मिळत नाहीत, सुटी मिळत नाही, सबब शिधा देऊन मोकळे व्हावे. स्वयंपाक आखडता घेतला तर माझी हरकत नाही; आमसुलाची चटणी राहिली म्हणून कोणी पितर रुसला असेल असे मला वाटत नाही. आक्षेप आहे तो नावांची यादी आखडण्याला. कारण बाप, आजा, पणजा एवढ्यावर न थांबता आई, आजी, पणजी, आईचे माहेर, काका, आत्या, मावशी, सासरा, गुरू, शिष्य आणि सखा यांना नावागोत्राने हाक मारावी, आणि ज्यांच्या मागे कोणीच उरले नाही त्यांच्यासाठीही अखेरीस एक धर्मपिंड ठेवावा, इतका ऐसपैस हिशेब महालयाने मांडलेला आहे. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी मृतांसाठी झेंडूच्या फुलांनी वेदी सजवतात, आणि तो झेंडू मूळचा तिकडचाच. तरीही परकीय उत्सवाचे कौतुक करण्याआधी आपल्या यादीत मित्राला जागा आहे, हे आपल्या ध्यानात असावे.

अडचण उद्भवते ती यजमानापाशी. पवार आणि होळकर यांच्या स्वारीबरोबर नर्मदेपलीकडे आलेल्या घराण्यांनी सनदा, इनामपत्रे आणि वतनाचे कागद रुमालांत बांधून जपले. धारचे यशवंतराव पवार 1761 मध्ये पानिपतावर पडले, थोरले बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी येथून फार दूर नसलेल्या रावेरखेडीस नर्मदाकाठी निवर्तले, हे आमच्या मुलांना मुखोद्गत असते आणि घातचतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांची, हेही ती सांगतात. पण आजीच्या आईचे नाव विचारले की दफ्तर कोरे! लग्नात बदललेले सासरचे नाव क्वचित सापडते, माहेरचे बहुधा नाहीच. अविधवा नवमीला सवाष्णीची ओटी भरून जिचे स्मरण करायचे, तीच निनावी राहते. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणण्याची मुभा शास्त्राने दिली आहे खरी. ती अनाथासाठी आणि अज्ञातासाठी आहे, भरल्या घरातील आळशासाठी नव्हे.

त्यातच सरदार सरोवराच्या फुगवट्याने याच जिल्ह्यातील निसरपूर आणि चिखल्दा यांसारखी गावे उठवली, आणि जेथे पिढ्यान्‌पिढ्या तर्पण होत आले ते काठ पाण्याखाली गेले. पलीकडे बडवाणीजवळच्या राजघाटावरील गांधीजींच्या अस्थींची समाधीदेखील 2017 मध्ये हलवावी लागली. स्थळ असे जाऊ शकते; त्या स्थळी उच्चारलेली नावे तरी कागदावर हवीत.

म्हणून मनावर, धार, देवास येथील वाचकांना एवढीच विनंती आहे की, सर्वपित्री अमावास्येच्या आत घरातील वडीलधाऱ्या बाईपाशी बसून तिच्या आईचे, आजीचे आणि बालमैत्रिणींचे नाव, शक्य तर माहेरच्या गावासह, विचारून घ्यावे, साध्या वहीत टिपावे आणि त्या दिवशी ती यादी घरातील मुलीकडून मोठ्याने वाचवून घ्यावी.