लकव्यानंतर हातपाय तपासले, डोकं कोण तपासणार?

नांदेड/लातूर : अंगावरून वारं गेलं की पेशंटला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर लातूरच्या मेडिकल कॉलेजला नेतात. काही दिवसांनी तो घरी येतो. भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, हात उचलतो का, चालायला लागला का? फेरतपासणीतही बहुतेक वेळा बीपी, शुगर आणि हातापायाची ताकद बघितली जाते. आठवण, लक्ष, हिशेब, समज यांची तपासणी राहून जाते.

लकवा हा मुळात मेंदूचा आजार आहे. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते. त्यामुळे दर तीन पेशंटांत निदान एकाच्या बुद्धीवर कमी-जास्त परिणाम होतो. घरच्यांना वाटतं, वय झालं, नाहीतर माणूस हट्टी झाला. खरं तर तो बीपीची गोळी घेतली की नाही हेच विसरलेला असतो. गोळी चुकली की दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. कुणी ओटीपी मागितला तर देऊन टाकतो, कागदावर अंगठा लावतो. जमिनीच्या व्यवहारात हे किती महागात पडेल, ते सांगायला नको.

चाचणी आहे, पण कुणासाठी?

कॅनडात तयार झालेली मोका नावाची ३० गुणांची चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. साधारण दहा मिनिटं लागतात. त्यात घड्याळ काढायचं, १०० मधून सात-सात वजा करत जायचं, शब्द लक्षात ठेवायचे. कंधार, मुखेड, जळकोटच्या ज्या आजीने शाळाच बघितली नाही, तिने पेन्सिल कशी धरायची? तिचे गुण कमी येतील, पण त्यावरून बुद्धी गेली म्हणता येत नाही. शाळा न शिकलेल्यांसाठी याच चाचणीचा वेगळा, सोपा नमुना आहे. तोच वापरायला हवा.

भाषेचाही प्रश्न आहे. देगलूर, बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर, निलंग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, तर कुठे दखनी बोलतात. आयसीएमआरच्या भारतीय चाचणीसंचाची माहिती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांची. त्या पाचांत मराठी नव्हती.

आशाताईंच्या फॉर्मचं काय?

आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे. पण तो ६० वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. लकवा तर पंचेचाळीस-पन्नाशीतही होतो. शिवाय विसरणाऱ्यालाच "विसरता का" विचारून काय कळणार? लकवा झालेला असेल तर वय न बघता हा प्रश्न विचारावा, आणि घरच्यांनाही विचारावा. याला नवी मशीन लागत नाही, फक्त सूचना काढावी लागेल.

घरच्यांनी काय करावं?

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या : गोळ्या विसरतात का, तेच तेच विचारतात का, पैशाचा हिशेब चुकतो का, ओळखीची वाट चुकते का. ताटातलं एकाच बाजूचं जेवतात का, हेही बघा. कधी कधी मेंदूला एक बाजू जाणवतच नाही. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असं धरू नका. वाचा गेलेल्या माणसाला बऱ्याचदा बरंच कळत असतं. उदासी, कमी ऐकू येणं, कमी दिसणं यानेही माणूस विसरल्यासारखा वागतो, आणि त्यावर इलाज होतो.

पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांत सुधारणा होते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी एकदा आणि तीन-सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगा. तोवर गोळ्या आणि पैशाचे व्यवहार घरातल्या एका भरवशाच्या माणसाने बघावेत. अचानक बरळायला लागले, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.