स्विच 'हॅन्ड'वर आहे

आपल्या नगर जिल्ह्यात एखाद्या सरकारी खात्याची किंवा सहकारी संस्थेची नवी कचेरी उभी राहायची म्हटली की आराखड्याच्या बैठकीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "बीएमएस बसवून टाका, म्हणजे इमारत हरित झाली." दुसरं, "ती पुण्या-मुंबईच्या काचेच्या टॉवरांची चैन. आपल्या तीन मजल्यांना कशाला?" बीएमएस म्हणजे वातानुकूलन, दिवे, पंप, लिफ्ट, जनरेटर, आगीची घंटा या सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवणारी आणि त्यांना एकमेकांच्या तालात चालवणारी यंत्रणा. मी वीस-बावीस वर्षं इमारतींची वीजतपासणी करतो आहे. ही दोन्ही वाक्यं मला चुकीची वाटतात. दोन्ही बोलणारे मनापासून बोलतात आणि त्यांच्या बोलण्यावर इमारती उभ्या राहतात, म्हणून ती खोडून काढणं भाग आहे.

पहिल्या वाक्याबद्दल बोलायचं तर मला एक खोली आठवते. एका कार्यालयाची ती एसीच्या यंत्रांची खोली, कार्यालयाचं नाव सांगत नाही. खाली अधिकाऱ्यांनी मला संगणकाचा पडदा दाखवला होता. त्यावर मजल्यांचं रंगीत चित्र, हिरवे पंखे, खोलीचं तापमान 24 अंश, पंख्याची वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. सगळं जिथल्या तिथं. मग ऑपरेटरबरोबर जिना चढून वर गेलो. हवा खेळवणाऱ्या मोठ्या पंख्याच्या पॅनेलवर तीन खुणांचा एक स्विच होता: हॅन्ड, ऑफ, ऑटो. स्विच 'हॅन्ड'वर होता आणि कुणी तो फिरवू नये म्हणून त्यावर खाकी चिकटपट्टी लावलेली. पट्टीवर दोन बोटं धूळ. म्हणजे संगणक रोज साडेपाचला 'बंद' म्हणत होता आणि पंखा रात्रभर, रविवारीसुद्धा, पूर्ण वेगानं फिरत होता. पडद्यावरचा पंखा मात्र वेळेवर थांबलेला दिसायचा, कारण पडदा फक्त दिलेला हुकूम दाखवत होता. पंखा खरोखर फिरतोय की थांबलाय हे कळवणारी तार कुणी जोडलीच नव्हती.

ऑपरेटरला मी कारण विचारलं. त्यानं मला खाली नेलं आणि तापमापी दाखवली. ती पश्चिमेच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर होती. दुपारी तीननंतर ऊन थेट तिच्यावर यायचं. तिला वाटायचं खोली तापली, की यंत्रणा गार हवेचा मारा करायची आणि समोरच्या कोपऱ्यात बसणाऱ्या बाया स्वेटर घालून काम करायच्या. तक्रारी झाल्या, वरून बोलणी बसली, त्यानं स्विच 'हॅन्ड'वर केला. तापमापी हलवायची तर कंपनीचा माणूस हवा, देखभालीचा करार संपलेला, आणि सेटिंग बदलायचा पासवर्ड कंपनीकडेच. त्या माणसानं त्याच्या हाती होतं तेवढं केलं होतं.

अशा ठिकाणी वाया काय जातं ते एका आकड्यात सांगतो. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला तर त्याची वीज 20 टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ निम्म्यानं उतरते, कारण वीज वेगाच्या घनाच्या पटीत बदलते. बीएमएसची खरी कमाई इथे असते. ती सगळी कमाई त्या चिकटपट्टीखाली दडून राहिली होती.

आणि मुळात ऊन त्या भिंतीपर्यंत आलंच कसं? पश्चिमेला काच लावली म्हणून. आपलं हवामान कोरडं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण रात्री तो उतरतो. अशा मुलखात जाड भिंत, खोल सज्जा, पश्चिमेला आडोसा आणि रात्री उघडता येतील अशा खिडक्या यांनी निम्मं काम होतं. नगर शहराबाहेरचा फराहबाग पाहून या. निजामशाहीतला हा महाल 1583 साली पुरा झाल्याचं सांगतात. नहरेनं आणलेल्या पाण्याच्या तळ्यात मधोमध उभा, जाड भिंतींचा, मध्ये उंच घुमटी दालन. त्या बांधणाऱ्यांना कोरड्या हवेत पाणी कसं गारवा देतं हे ठाऊक होतं. मी कचेरीभोवती तळं खणा म्हणत नाही. पण 1583च्या गवंड्याला कळलेली गोष्ट आपण आराखड्यातून पुसून टाकायची आणि मग लाखो रुपयांच्या संगणकाकडून तिची भरपाई मागायची, हे मला पटत नाही. आत शिरलेली उष्णता बीएमएस मोजते आणि वीज जाळून बाहेर फेकते, पण उष्णतेला उंबऱ्यावर अडवणं तिच्या हातात नाही. हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेली सुझलॉनची 'वन अर्थ' ही इमारत हरित मानांकनांत वरच्या पायरीवर गेली. तिथेसुद्धा आधी उन्हाला अडवणाऱ्या पट्ट्या आणि दिवसाचा उजेड यांचा विचार झाला होता.

आता दुसरं वाक्य. "आपल्याकडे कशाला?" असं म्हणणाऱ्यांना मी आधी शिर्डीला नेईन. 2009 साली साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 73 परवलयाकार तबकड्या बसल्या. त्या ऊन एकवटून पाण्याची वाफ करायच्या आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक व्हायचा. तबकड्यांची चाल कशी होती ते पाहा. पहाटे माणूस त्या एकदा हातानं सूर्याकडे वळवायचा, पुढे दिवसभर त्या आपोआप सूर्यामागे फिरायच्या. म्हणजे आपोआप चालणारं यंत्र या जिल्ह्याला परकं नाही आणि त्याची सकाळ माणसाच्या हातानं सुरू होते हेही इथे माहीत आहे.

त्याहून मोठा दाखला नगर तालुक्यात, हिवरे बाजारचा. तिथे पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास. गाव पाऊस मोजतं, विहिरींची पातळी पाहतं, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतं आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचं हे ग्रामसभेत ठरतं. पाणी कमी असलं तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हे घडलं हे सगळे जाणतात, पण त्या गावानं नक्की काय रचलं याचा विचार इमारतीवाल्यांनी केलेला मला दिसत नाही. मापक आहे, मापकाचा आकडा सगळ्यांसमोर आहे, तो आकडा पाहून निर्णय घेणारी सभा आहे आणि त्या निर्णयानं उद्याचा पेरा बदलतो. यातला एक दुवा काढा, पाण्याचा सगळा ताळेबंद कोसळेल. त्या कार्यालयाच्या संगणकाजवळ मापक होतं, आकडाही होता, पण निर्णय घ्यायला कुणी नव्हतं.

तेव्हा एकात्मिक व्यवस्थापन ही आपल्याला न झेपणारी चैन आहे असं कुणी म्हणू नये. तीन मजली कचेरीला मोठी यंत्रणा नकोच. दर मजल्याला आणि एसीच्या जोडणीला वेगळा मीटर, टाकीच्या पाण्यावर पंप बंद होण्याची सोय, वेळेवर एसी तोडणारा एक नियंत्रक, आणि हे सगळं एका पानावर दाखवणारा साधा संगणक, एवढ्यानं सुरुवात होते. 2020 पासून खोलीचे नवे एसी चालू केल्यावर 24 अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे. तरी कुणीतरी रिमोट उचलून 18 करतं आणि विसरून घरी जातं. रात्री दोन वाजता ते पाहायला पहारेकरी प्रत्येक खोलीत जाणार नाही, मीटर मात्र ते पाहतो. "माणूस जागरूक असला की पुरे, यंत्र कशाला?" या तिसऱ्या आक्षेपाला माझं उत्तर एवढंच.

विजेच्या बिलापलीकडचं एक कारण आहे आणि ते लिहिताना हात जड होतो. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण गेले. एखाद्या यंत्रणेनं ते वाचले असते असा दावा मी करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण आगीची सूचना मिळताच हवेचे पंखे थांबावेत, धुराचा मार्ग बंद व्हावा, लिफ्ट तळाशी यावी, घंटा योग्य माणसाच्या टेबलावर वाजावी, ही 'एकात्मिक' या शब्दाची पहिली जबाबदारी आहे. वीजबचत तिच्यानंतर येते. जिथे पंखा चिकटपट्टीनं 'हॅन्ड'वर बांधलेला आहे तिथे आगीच्या वेळीही तो फिरतच राहण्याची भीती आहे.

म्हणून माझी मागणी निविदेपासून सुरू होते. पश्चिमेची काच आराखड्यातच थांबवा. यंत्रणा ताब्यात घेताना फक्त उद्घाटनाच्या दिवशी नको, एप्रिलच्या दुपारी, जुलैच्या दमट हवेत आणि डिसेंबरच्या सकाळी, तीनही वेळा तपासून घ्या आणि तोवर ठेकेदाराचे शेवटचे पैसे रोखून धरा. पासवर्ड कार्यालयाच्या मालकीचा असावा. पडद्यावर हुकूम आणि प्रत्यक्ष हालचाल दोन्ही दिसावीत. वर्षाची युनिटं भागिले चौरस मीटर हा आकडा, ज्यावर ऊर्जा दक्षता ब्युरो 2009 पासून कार्यालयांना तारे देतो आहे, दर महिन्याला फलकावर लिहा. कुठल्याही कारकुनाला पाच मिनिटांत काढता येतो तो. आणि यंत्रणा चालवणाऱ्या माणसाचं पद मंजूर करा. दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी पोराच्या भरवशावर कोट्यवधींची इमारत ठेवू नका.

त्या दिवशी निघताना मी ऑपरेटरला विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? मला वाटलं, नवा संगणक मागेल. तो म्हणाला, "साहेब, एक आठ फुटी शिडी द्या, वरच्या डक्टची झडप हाताला लागत नाही. आणि साडेपाचला मशीन बंद करायचं असेल तर मला कुणाला फोन करायला लागू नये, एवढं लिहून द्या."