आजी-आजोबांना शाळेत बोलवा, पण सर्दी-तापाचा हंगाम टाळून

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२३ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. दरवर्षी १० सप्टेंबरला शाळांमध्ये ‘आजी-आजोबा दिवस’ साजरा करायचा. नातवंडांनी आपल्या आजी-आजोबांना शाळेत आणायचे, त्यांची ओळख करून द्यायची, त्यांनी गोष्टी सांगायच्या, खेळ खेळायचे. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या शाळांतही त्याच्या चिठ्ठ्या घरोघरी येतात. मला हा दिवस हवा आहे आणि तो आणखी चांगला व्हावा असे वाटते. माझी तक्रार फक्त तारखेबद्दल आणि पद्धतीबद्दल आहे.

आधी तारखेचे पाहू. फ्लू म्हणजे थंडीतला आजार, असे आपण इंग्रजी सिनेमे पाहून धरून चाललो आहोत. आपल्याकडे तसे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार भारतात फ्लू वर्षातून दोनदा डोके वर काढतो. एकदा जानेवारी ते मार्चमध्ये आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात व त्याला लागून. विदर्भात सप्टेंबर म्हणजे भर पावसाळा. कपडे वाळत नाहीत, वर्गाच्या खिडक्या पावसामुळे बंद, आणि अर्धा वर्ग नाक ओढत बसलेला. नेमक्या त्याच आठवड्यात आपण साठी-सत्तरीच्या माणसांना एका हॉलमध्ये दाटीवाटीने बसवतो. शाळेचे स्नेहसंमेलन जानेवारीत घेतले, की दुसरा हंगामही साधला जातो!

यात नुकसान कोणाचे होते? मुलाला फ्लू झाला तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस ताप येतो आणि ते पुन्हा खेळायला लागते. म्हाताऱ्या माणसाचे तसे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे हंगामी फ्लूमुळे श्वसनाच्या आजाराने जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे मरतात. त्यात वृद्ध, दमा-मधुमेह-हृदयरोग असलेले आणि अगदी लहान बाळे यांना धोका सर्वांत जास्त. आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. भंडारा-गोंदिया हा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा पट्टा. माझ्या नानीने आयुष्यभर बिड्या वळल्या. तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर यांनी तिची छाती कायमची घरघरत असे. अशा छातीच्या कितीतरी बाया आजही आपल्या मोहल्ल्यांत आहेत, आणि त्याच आज कोणाच्या तरी दादी-नानी आहेत. माझ्या अम्मीला दमा आहे. माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेची चिठ्ठी आली तेव्हा अम्मीने इस्त्रीची साडी काढून ठेवली होती आणि मुलीच्या बाकावरची दोन पोरे तापाने घरी होती. जाऊ नकोस, असे अम्मीला सांगणे सोपे नव्हते.

मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा फ्लू एकमेकांत किती गुंतलेला आहे याचे मोठे उदाहरण जपानचे आहे. तिथे १९६०च्या दशकापासून शाळकरी मुलांना सरसकट फ्लूची लस दिली जात होती. १९९४ मध्ये ते बंद झाले. २००१ मध्ये संशोधकांनी मृत्यूंचे आकडे तपासले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने मुलांच्या लसीकरणामुळे दरवर्षी सुमारे ३७ हजार ते ४९ हजार मृत्यू टळत होते, आणि हे मुख्यतः वृद्धांचे. लस नातवाला, जीव वाचला आजीचा. म्हणजे शाळेतला आजार शाळेत राहत नाही, तो दप्तरातून घरी येतो.

इथे कोणी म्हणेल, पोरगी रात्री नानीच्या कुशीतच झोपते, मग शाळेत जाऊन नवा धोका कोणता? प्रश्न बरोबर आहे. घरात धोका आहेच. पण घरात एक-दोन मुले असतात. शाळेच्या हॉलमध्ये साठ असतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून साधा हिशेब मांडते. समजा, पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी दर शंभर मुलांत दोन मुलांना संसर्ग आहे. साठ मुले एकत्र बसवली, तर त्यात निदान एक तरी संसर्ग असलेले मूल असण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होते. पंधराच मुले असतील तर तीच शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास येते. शंभरात दोन हा आकडा मी धरलेला आहे, खरा आकडा आठवड्यागणिक बदलेल. पण गर्दी वाढली की धोका कसा वाढतो, ते यातून कळते. शिवाय फ्लूची लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवू शकतो, आणि मुले मोठ्यांपेक्षा जास्त दिवस पसरवत राहतात. म्हणून ‘आजारी दिसणारे मूल बाजूला बसवू’ एवढ्याने भागत नाही.

मग हा दिवसच बंद करावा का? अजिबात नाही. कोविडमध्ये मार्च २०२० ला बंद झालेले ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. शाळेचे दार बंद ठेवण्याची किंमत काय असते हे आपल्या गरीब वस्त्यांनी चांगलेच पाहिले आहे. आणि आजी-आजोबांना शाळेत आणण्याची गरज आपल्याला तर इतरांपेक्षा जास्त आहे. आपल्या दादी-नानींपैकी कितीजणी कधी शाळेच्या फाटकाच्या आत गेल्या आहेत? ज्या बाईला लहानपणी शाळेत पाठवले नाही, तिला गुरुजी खुर्ची देतात, मुले टाळ्या वाजवतात, हे नातीने पाहिले की तिच्या मनात शाळा आणि घर यांतली भिंत पडते. दुसरे, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत डोक्यावर ओढणी घेतलेली दादी आणि शेजारी नऊवारीतली आजी एका सतरंजीवर बसतात, गुडघेदुखीच्या गप्पा मारतात, तेव्हा गावात जे होते ते कोणत्याही सद्भावना मेळाव्यात होत नाही. मोहल्ले वेगळे होत चालले आहेत. एकत्र बसण्याच्या जागा फार उरल्या नाहीत. त्यातली शाळा ही एक आहे. ती मला सोडायची नाही.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी-सत्तरीच्या, काही तर नव्वदीच्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन तिथे बसल्या आणि सही करायला शिकल्या. त्या वयात शिकण्याचीच काय, शिकवण्याचीही हौस असते. आमच्या जिल्ह्यात तर शिकवण्यासारखे खूप आहे. मालगुजारी तलाव कोहळी समाजाने कसे बांधले, त्यांची पाळ कशी सांभाळायची, धानाचे जुने वाण कोणते, कोशाचे कापड कसे विणतात, भंडाऱ्याची पितळेची भांडी कशी घडतात, बिडीचे पान कसे कापतात. हे पाठ्यपुस्तकात नाही. हे आपल्या आजी-आजोबांच्या हातात आहे. पण वर्षातून एकदा, दीड तासात, साठ जणांच्या गोंगाटात आणि संगीत खुर्चीत यातले काय पोचणार?

म्हणून माझे म्हणणे असे, की आजारापासून बचाव आणि कार्यक्रमाचा दर्जा या दोन्हींचे उत्तर एकच आहे. एका दिवसाचा मेळा मोडून तो वर्षभर वाटून द्या. आमच्या कामात नवा बदल एका झटक्यात सगळ्यांवर सोडत नाहीत. आधी थोड्यांना देतात, पाहतात, मग पुढे नेतात. शाळेतही दर आठवड्याला एका वर्गात दोन किंवा तीन आजी-आजोबा अर्धा तास येऊ शकतात. वर्षभरात सगळ्यांचा नंबर लागतो, प्रत्येकाचे बोलणे ऐकले जाते आणि एका वेळी गर्दीही होत नाही. जोराच्या साथीच्या आठवड्यांत थांबायचे, नंतर पुन्हा सुरू करायचे.

तरीही एक मोठा दिवस हवाच असेल, तर तो दिवाळीनंतर घ्यावा. १० सप्टेंबर ही काही दगडावरची रेघ नाही. २०२३ मध्ये त्या दिवशी रविवारच होता, म्हणजे दिवस पुढेमागे करणे पहिल्याच वर्षी आले. आणि गर्दी कधी जमवायची हे आपल्या मुलखाला आधीपासून ठाऊक आहे. पाऊस गेला की दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके उघड्या मैदानात मांडव घालून होतात, पाहुणे घरी येतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या त्या दिवसांत पावसाळी साथ ओसरलेली असते आणि जानेवारीची यायची असते. धानाची कापणी-मळणी चालू असते हे खरे, म्हणून वेळ आजी-आजोबांना विचारून ठरवावी.

जागाही महत्त्वाची. बंद हॉलपेक्षा व्हरांडा बरा, व्हरांड्यापेक्षा आवारातल्या झाडाखालची सावली बरी. वर्गातच बसायचे असेल तर दारे-खिडक्या सताड उघड्या. हात धुवायच्या जागी साबण. पाणी पिण्याचा एकच गडू सगळ्यांनी वापरायचा नाही.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. शंभर टक्के हजेरीसाठी मुलांचा सत्कार होतो. हेतू चांगला, पण त्यापायी तापातले मूलही क्रोसीन देऊन शाळेत पाठवले जाते. आजारपणाची रजा हजेरीच्या बक्षिसातून वगळा. तसेच खोकणाऱ्या आजोबांनी ‘आज नाही येत’ म्हटले तर नातवाचा हिरमोड होऊ देऊ नका. त्यांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गात ऐकवा, व्हिडिओ कॉल लावा, पुढची तारीख द्या. आणि आजारासाठी कोणत्याही घराला, मोहल्ल्याला बोट दाखवू नका. २०२० मध्ये आजाराला धर्म चिकटवला की काय होते, ते आपण भोगले आहे. विषाणू आडनाव विचारत नाही.

काही जण म्हणतील, म्हाताऱ्यांना हे सगळे सांगितले तर ते नाराज होतील. माझा अनुभव वेगळा आहे. २०२०च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या आणि आपल्या बुजुर्गांनी तरावीह घरात पढली. आयुष्यभराची सवय त्यांनी दुसऱ्यांच्या जिवासाठी बाजूला ठेवली. समजावून सांगितले तर त्यांना सगळे कळते. त्यांना राग येतो तो न विचारता वगळल्याचा.

आता आपण, म्हणजे वीस ते चाळीस वयाच्या मुलामुलींनी काय करायचे ते सांगते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीला जा. आपल्यातले बरेच जण फक्त सहीपुरते जातात. तिथे तीन मुद्दे मांडा : दर आठवड्याची भेट, दिवाळीनंतरचा मोठा दिवस, आजारपणाच्या रजेला माफी. यासाठी सरकारकडून एक रुपयाही लागत नाही.

दुसरे, घरातल्या बुजुर्गांच्या लसीचे पाहा. फ्लूची लस केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही, ती बहुधा स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते. खर्च टोचतो, पण ज्यांना दमा, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांच्याबद्दल डॉक्टरांशी बोला. लस दरवर्षी घ्यावी लागते आणि पावसाळ्याच्या आधी घेतली तर जास्त उपयोगी. तिसरे, अम्मी-अब्बांना ताप-खोकला आला आणि धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळसर दिसले किंवा ते गुंगीत गेले, तर काढा पाजत घरी बसू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. फ्लूवरचे ओसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत जास्त काम करते.

आमची पिढी नागपूर-पुण्याच्या नोकऱ्यांत अडकली आहे. भंडारा, तुमसर, पवनीतल्या कितीतरी घरांत मुलांना शाळेत सोडणे, आणणे, जेवू घालणे हे सगळे आजी-आजोबाच करतात. शाळा त्यांच्या जिवावर चालते असे म्हटले तरी चालेल. ज्यांच्या भरवशावर आपण लॅपटॉप उघडतो, त्यांचा मान ठेवायचा तर नुसता नारळ आणि गुलाबाचे फूल देऊन होत नाही. त्यांना सांभाळून बोलवावे लागते, आणि बोलावल्यावर त्यांचे ऐकावे लागते. येत्या पालकसभेत हा विषय काढा.